नाशिक ते पंढरपूर सायकलवारीसाठी पॅडेड शॉर्ट्स निवडताना: एका शिक्षिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

बाई नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. वय 46. शाळेत जाण्या-येण्यासाठी त्या दोन वर्षांपासून हायब्रिड सायकल वापरत होत्या, रोजचे साधारण आठ किलोमीटर. आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला जी सायकलवारी निघते, तिला यंदा जायचंच असं त्यांनी मार्चअखेरीला ठरवलं. पहिल्या दिवशी सिन्नर, शिर्डी, राहुरी करत नगर, दुसऱ्या दिवशी करमाळ्यावरून टेंभुर्णी आणि तिसऱ्या दिवशी पंढरपूर. सगळं मिळून साधारण साडेतीनशे किलोमीटर. हाताशी अडीच-तीन महिने होते. शाळेच्या परीक्षा संपल्या की सुट्टीत सराव वाढवायचा असा बेत होता.

पाय आणि दम या दोन्ही बाबतीत त्यांना फारशी अडचण नव्हती. रोजची सायकल असल्यामुळे 40 किलोमीटर त्या सहज मारत. घोडं अडलं ते बसायच्या जागेशी.

हे प्रकरण मी बाईंच्या परवानगीने, त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळून लिहिते आहे. आमच्या सायकल गटात नव्याने येणाऱ्या बायका गिअर, पंक्चर, हेल्मेट याबद्दल मोकळेपणाने विचारतात. सीट लागते, जांघेत सोलवटलंय, केसतोड झालंय, हे मात्र सहसा कुणी बोलत नाही. दोन-तीन रविवार सहन करतात आणि मग यायच्याच बंद होतात. त्यातल्या बऱ्याच जणींचं दुखणं टाळता येण्यासारखं असतं. ते केवळ लाजेपायी राहून जातं याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून इथे सगळं उघड उघड लिहिलं आहे.

अडचण

एप्रिलच्या सुरुवातीला बाई गटाबरोबर त्र्यंबकेश्वरला गेल्या. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. परतीच्या वाटेवर त्या सारख्या थांबायला लागल्या. चेहरा ओढलेला, पण कारण विचारलं तर "काही नाही, जरा पाठ अवघडली." घरी पोहोचल्यावर रात्री त्यांचा फोन आला. "ताई, खरं सांगू का, मला बसवत नाहीये. उद्या वर्गात खुर्चीवर कशी टेकू?"

दुसऱ्या दिवशी सविस्तर बोलणं झालं. अशा वेळी माझा पहिला प्रश्न असतो तो नेमकं कुठे आणि कसं दुखतंय हा. "सीट दुखते" या दोन शब्दांत चार वेगवेगळी दुखणी दडलेली असतात आणि चौघांचे उपाय वेगळे असतात. बैठकीच्या दोन हाडांवर ठसठसतं, ते दाबाचं दुखणं. जांघेत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला कातडी लाल होऊन सोलवटते, ते घासण्याचं. केसांच्या मुळाशी पुटकुळ्या, गळवं येतात, तो घाम आणि जंतूंचा प्रकार. आणि पुढच्या नाजूक भागाला मुंग्या येतात किंवा बधिर होतं, तेव्हा सीटचं टोक नको त्या जागी दाबत असतं.

बाईंना चौघांपैकी तीन होती. दोन्ही हाडांवर दुखत होतं, पण तेवढं नव्या माणसाला होतंच. डाव्या जांघेत तळहाताएवढा भाग सोलवटला होता, उजवीकडे जवळपास काहीच नव्हतं. आणि त्याच डाव्या बाजूला दोन केसतोडं आली होती, त्यातलं एक चांगलंच टणक.

साहित्याची चौकशी केली. सीटवर दोन बोटं जाड जेलचं कव्हर, सायकलबरोबरच घेतलेलं. अंगात ऑनलाइन मागवलेली स्वस्त पॅडेड शॉर्ट्स (बसायच्या जागी आतून फोमची गादी शिवलेली सायकलची चड्डी), ती नेहमीच्या सुती अंतर्वस्त्रावरून घातलेली, आणि शॉर्ट्सवरून ट्रॅक पॅन्ट. म्हणजे सीट आणि कातडी यांच्यामध्ये चार थर होते आणि चारही आपापल्या दिशेने सरकत होते. अंतर्वस्त्राची इलॅस्टिकची कड जिथे बसते, बरोबर त्याच रेषेत कातडी गेली होती.

पहिला निर्णय: सायकल थांबवायची की नाही

बाईंना थांबायचं नव्हतं. "दहा दिवस गेले तर सराव बुडेल" हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, दिवस मोजकेच होते. पण उघड्या कातडीवर पुन्हा तासन्‌तास घासणं आणि पिकत आलेल्या गळवावर बसणं यातून पुढे महिनाभर घरी बसायची वेळ येऊ शकते. गळू घरी फोडायचा मोहही अनेकांना होतो, तो तर पुरता टाळायला हवा. गळू वाढत असेल, भोवतीची लाली पसरत असेल, ताप असेल किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांकडे जायला एक दिवसही लावू नये.

बाई दोन दिवस घरगुती उपाय करत राहिल्या, हळद लावली, पावडर टाकली. पावडर घामाने भिजून तिच्या गुठळ्या झाल्या आणि त्याच टोचायला लागल्या. तिसऱ्या दिवशी त्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या. केसांच्या मुळांशी जंतुसंसर्ग झाल्याचं निदान झालं, मलम मिळालं आणि जखम भरेपर्यंत सायकल बंद. या काळात दमासाठी त्या रोज सकाळी गोदाकाठी भरभर चालत आणि घरी जिने चढउतार करत. दहा-बारा दिवसांत कातडी भरून आली. पायांची ताकद एवढ्या दिवसांत कुठे जात नाही, हे त्यांना पुढच्या राइडला कळलं.

सायकल बंद असलेल्या या दिवसांचा उपयोग आम्ही पर्याय तपासायला केला.

समोर असलेले पर्याय

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त सुचवला गेलेला पर्याय म्हणजे आणखी जाड, आणखी मऊ कव्हर. बाईंच्या घरच्यांचा कल तिकडेच होता. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिलं की जेल कव्हर छान वाटतं आणि शाळेपर्यंतच्या चार किलोमीटरला ते चालतंही. लांब अंतरावर गणित बदलतं. हाडं मऊ जेलमध्ये रुततात, बाजूला ढकललेलं जेल मधोमध वर येतं आणि ज्या नाजूक भागावर वजन पडूच नये त्याच्यावर दाब येतो. शिवाय कव्हर प्रत्येक पायडलला थोडं थोडं सरकतं, आणि जेल तापलं की लवकर निवत नाही. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये हा मुद्दा लहान नाही.

दुसरा पर्याय नवीन सीट. हा योग्य ठरू शकला असता, पण सीट बदलायची गरज आहे की नाही हे मोजून ठरवता येतं, म्हणून आधी मोजायचं ठरलं.

तिसरा पर्याय चांगली पॅडेड शॉर्ट्स. हजार-बाराशेपासून आठ-दहा हजारांपर्यंत काहीही मिळतं, आणि किंमत बघून निवडणं हा सर्वांत वाईट मार्ग.

चौथा पर्याय यंदाची वारी सोडून पुढच्या वर्षी जाण्याचा. तो आम्ही मे महिन्याच्या शेवटापर्यंत जाणीवपूर्वक उघडा ठेवला. तोवर सलग दोन दिवस लांबच्या राइड जमल्या नाहीत तर जायचं नाही, असं बाईंनी स्वतःच ठरवलं होतं. या एका अटीमुळे पुढचे सगळे निर्णय घाईचे झाले नाहीत.

बाईंनी एक वही केली. तारीख, किलोमीटर, कुठे दुखलं, किती अंतरानंतर दुखलं आणि या वेळी काय बदललं असे रकाने आखले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम त्यांचाच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही, हे गणिताच्या शिक्षिकेला वेगळं सांगावं लागलं नाही.

दुसरा निर्णय: आधी सीट, मग शॉर्ट्स

एकाच बाजूला सोलवटलं असेल तर माझं लक्ष आधी सीटच्या उंचीकडे जातं. सीट उंच असेल तर पायडल खाली गेल्यावर पाय पुरत नाही, मग कंबर त्या बाजूला झुकते. प्रत्येक फेरीला हे घडतं. मिनिटाला 70-80 फेऱ्या धरल्या तरी तासाभरात साडेचार हजारांच्या आसपास वेळा तीच कातडी त्याच जागी घासली जाते. अशा वेळी जगातली कुठलीही शॉर्ट्स पुरी पडणार नाही.

म्हणून मोजमाप. बाई अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, दोन पायांच्या मधोमध एक पुठ्ठ्याचं पुस्तक वरपर्यंत नेऊन आडवं धरलं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर घेतलं: 74 सेंटिमीटर. याला 0.883 ने गुणलं की पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या वरपर्यंतची उंची साधारण मिळते. बाईंचा गुणाकार तोंडीच झाला, 65 च्या थोडं वर. जेल कव्हर काढून प्रत्यक्ष मोजली तर सीट साडेसदुसष्टवर होती. हे सूत्र म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नाही, बुटाच्या तळव्याप्रमाणे आणि पायडलच्या दांड्याच्या लांबीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं. पण दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे बराच फरक. मागून मोबाइलवर व्हिडिओ घेतला तर कंबर डावीकडे झुकताना स्पष्ट दिसली.

सीट दोन टप्प्यांत खाली घेतली, आधी एक सेंटिमीटर आणि चार दिवसांनी आणखी थोडी, म्हणजे गुडघ्यांना जुळवून घ्यायला वेळ मिळेल. सीटचं टोकही किंचित वर उचललेलं होतं. त्यावर एक सपाट पुस्तक ठेवून मोबाइलमधल्या लेव्हलने पाहिलं आणि ॲलन कीने सीट सरळ केली.

मग रुंदी. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा घराच्या पायरीवर ठेवून बाई त्यावर बसल्या, जरा पुढे वाकल्या आणि दोन्ही पाय उचलले. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे उमटले होते. पेन्सिल आडवी धरून वरून हलक्या हाताने घासली तसे ते नीट दिसले. मध्यापासून मध्यापर्यंत 13 सेंटिमीटर. सीट यापेक्षा साधारण दोन-अडीच सेंटिमीटर रुंद हवी, आणि बाईंच्या सायकलची मूळ सीट साडेपंधरा होती. म्हणजे नव्या सीटची गरज नव्हती. दोन-तीन हजारांचा खर्च एका पुठ्ठ्याने वाचवला.

तिसरा निर्णय: कोणती शॉर्ट्स

सायकल घेऊनच आम्ही दुकानात गेलो. सांगितल्यावर दुकानदाराने स्टँडवर सायकल उभी करून दिली, कारण शॉर्ट्सची खरी पारख आरशासमोर उभं राहून होत नाही.

बाईंनी पहिली उचलली ती सर्वांत जाड पॅडची, साधारण अकराशेची. पॅड सगळीकडे सारखंच जाड, कडेला एकदम पायरीसारखं संपणारं आणि मधोमध एक शिवण. मी त्यांना ते अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाबायला सांगितलं. दोन्ही बोटं एकमेकांना लागली. बोटांनी दबतं ते पॅड शरीराच्या वजनाखाली तासाभरात पापडासारखं चपटं होणार. लांब पल्ल्याच्या पॅडमध्ये जाडीपेक्षा फोमची घनता जास्त कामाची. ती किलो प्रति घनमीटरमध्ये सांगतात, 80 च्या आसपासचा फोम मऊ, 120 चा घट्ट. चांगल्या पॅडमध्ये हाडांखाली घट्ट फोम असतो, पुढे पातळ होत जातो आणि कडा इतक्या निमुळत्या असतात की बोट फिरवलं तर पॅड कुठे संपलं ते कळत नाही. बायकांचं पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड असतं, आणि मधोमध शिवण नसते. "पुरुषांचीच घ्या, सगळ्या सारख्याच" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

दुसरी होती खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट्स, पाच हजारांच्या पुढची. पॅड तिन्हींत उत्तम. पट्ट्यांमुळे पॅड जागचं हलत नाही आणि पोटावर इलॅस्टिक आवळत नाही. निव्वळ सोलवटण्याचा विचार केला तर हीच निवडायला हवी होती. पण बाईंनी एक साधा प्रश्न विचारला: रस्त्यात बाथरूमला जायचं कसं? पेट्रोल पंपावरच्या अरुंद, ओल्या जागेत रेनकोट, मग जर्सी काढा, मग पट्टे उतरवा. ही कटकट नको म्हणून बायका पाणी कमी पितात, आणि दिवसभर सायकल चालवताना पाणी कमी पिणं हा सीट दुखण्यापेक्षा मोठा धोका आहे. मागून उघडता येतील असे बिब मिळतात, पण त्या दुकानात बाईंच्या मापाचा नव्हता. बिब बाजूला ठेवला.

तिसरी, बायकांसाठीची, साधारण तीन हजारांची. पॅड वर सांगितल्यासारखं, कंबरपट्टा चार बोटं रुंद आणि उंच. बाईंना एल माप हवं होतं, "जरा सैल बरी." एल घालून त्या सायकलवर बसल्या, पुढे वाकल्या आणि जांघेपाशी कापडाची चुणी पडली. ती चुणी म्हणजे उद्याची जखम. एम माप उभं असताना आवळत होतं आणि त्यांना अवघडल्यासारखं वाटत होतं. पण ही शॉर्ट्स वाकून बसलेल्या अंगासाठी बेतलेली असते, त्यामुळे उभ्याने ती आवळणारच. सायकलवर बसल्यावर एम अंगाला बरोबर बसली, पॅड कुठेही कातडीपासून सुटलं नाही, आणि मांडीची कड आत रुतली नाही. एम घेतली.

यापुढचा मुद्दा बाईंना सर्वांत जड गेला. पॅडेड शॉर्ट्सच्या आत काहीही घालायचं नाही. अंतर्वस्त्राची शिवण, इलॅस्टिक आणि घाम धरून ठेवणारं सुती कापड, हेच तर पॅडने टाळायचं असतं. पॅड सरळ कातडीला लागलं तरच त्याचा उपयोग. दुकानात मापासाठी घालताना स्वच्छतेपोटी अंतर्वस्त्र ठेवायचं, घरी मात्र नाही. बाई म्हणाल्या, "चार माणसांत अशी घट्ट चड्डी घालून कशी जाऊ?" हा संकोच मी कधीच उडवून लावत नाही. वरून काहीतरी घालायचं ठरलं, फक्त ते काय, हे पाहायला हवं होतं. ट्रॅक पॅन्टच्या आसनाची जाड शिवण पॅडखाली येते आणि दाबते. आम्ही पातळ नायलॉनची सैल शॉर्ट्स शोधली, जिच्या आसनात कळी लावलेली असते आणि त्यामुळे चार शिवणी एका ठिकाणी येत नाहीत. वर लांब जर्सी. बाईंचं समाधान झालं.

सराव आणि क्रीम

एप्रिलच्या शेवटी सिन्नर, मग इगतपुरी, मग एका शनिवार-रविवारी सलग दोन राइड. वहीतल्या नोंदी बोलक्या आहेत. पहिल्या दोन राइडना हाडांवर दुखलं, पण दोन्हीकडे सारखं. हे सवयीचं दुखणं होतं, दोन-तीन आठवड्यांत गेलं. डाव्या जांघेचा रकाना कोराच राहिला. बाईंनी एक सवयही लावून घेतली, दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर क्षणभर उभं राहायचं, म्हणजे दाबलेल्या भागात रक्त फिरतं.

मेमध्ये मात्र पुन्हा बारीक पुटकुळ्या आल्या. वहीवरून कारण सापडेना, कारण सायकलवर काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं ते राइडनंतरचं. सुट्टी असल्यामुळे सगळे मिळून पोह्यांना थांबत, गप्पा होत, आणि बाई घामाने भिजलेल्या शॉर्ट्सवर तास-दीड तास बसून राहत. त्यानंतर कोरडे कपडे बरोबर न्यायचे आणि सायकलवरून उतरल्याबरोबर बदलायचे असं ठरलं. पुटकुळ्या थांबल्या. राइडच्या आदल्या दिवशी रेझर वापरण्याची सवयही त्यांनी सोडली, कारण ताज्या कापलेल्या केसांच्या मुळांशी जंतूंना वाट मिळते. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅड या शॉर्ट्समध्ये सरकतं आणि घासतं, त्यासाठी त्यांनी मेन्स्ट्रुअल कप वापरून पाहिला आणि तो जमला.

क्रीमचंही सांगायला हवं. पूर्वी या शॉर्ट्समध्ये खऱ्या चामड्याचा तुकडा शिवलेला असे. धुतल्यावर तो कडक व्हायचा, म्हणून सायकलस्वार त्याला क्रीम चोळून मऊ करत. आताच्या कापडाला त्याची गरज नाही, पण लांब राइडला घर्षण कमी करायला क्रीम उपयोगी पडतं. बाईंनी गटातल्या एकाकडून घेतलेलं क्रीम लावलं, त्यात मेंथॉल होतं. पहिले पाच किलोमीटर त्यांनी डोळ्यांत पाणी आणून काढले. नाजूक भागासाठी मेंथॉल आणि सुगंध नसलेलंच क्रीम हवं. पेट्रोलियम जेलीने घासणं कमी होतं, पण ती पॅडच्या कापडातून लवकर निघत नाही आणि पुढे कापड घाम शोषत नाही.

वारीचे तीन दिवस

मेअखेरची अट पूर्ण झाली आणि बाईंनी नाव नोंदवलं. ओली शॉर्ट्स मुक्कामी वाळणार नाही हे धरून दुसरी जोडी घ्यायची होती. तोवर त्या मॉडेलची एम संपली होती, म्हणून जवळपास तशीच, दुसऱ्या बनावटीची घेतली. शाळा सुरू झाल्यामुळे ती फक्त एका छोट्या राइडला वापरून झाली.

पहिल्या दिवशी राहुरीच्या पुढे पाऊस लागला. पावसात मागच्या चाकावरून उडणारं पाणी एकटं येत नाही, त्यातली बारीक वाळू शॉर्ट्सवर बसते आणि कापडातून आत जाते. बाईंनी सीटखाली क्लिपचा मडगार्ड लावला होता, त्यामुळे हे बरंच टळलं. नगरच्या मुक्कामी शॉर्ट्स उलटी करून साध्या साबणाने धुतली, पिळली नाही, कोरड्या पंच्यात गुंडाळून पायाने दाबली आणि पंख्याखाली टाकली. फॅब्रिक कंडिशनर या कापडाला कधीच लावायचं नाही, घाम शोषण्याची ताकद जाते. सकाळी पॅडचा वरचा थर कोरडा लागत होता, पण दाबलं की आतला फोम गार. म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरी जोडी.

मिरजगावच्या पुढे उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला हुळहुळायला लागलं. नव्या जोडीच्या पॅडची कड जरा पुढे येत होती. इथे तीन वाटा होत्या: तशीच रेटायची, सोबतच्या गाडीत बसायचं, किंवा कपडे बदलायचे. बाई रेटणाऱ्यांतल्या आहेत. पण एप्रिलची आठवण ताजी होती. करमाळ्याला त्या थांबल्या, गाडीत दोरीवर टाकलेली पहिली शॉर्ट्स आता पुरेशी वाळली होती. जागा ओल्या कपड्याने पुसून, कोरडी करून, क्रीम लावून ती घातली. टेंभुर्णीपर्यंत पुढे त्रास झाला नाही. हुळहुळायला लागल्याबरोबर थांबणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय होता असं मला वाटतं, आणि तो सर्वस्वी त्यांचा होता.

तिसऱ्या दिवशी 45 किलोमीटर, दुपारच्या आत पंढरपूर.

परिणाम

मांडीवर अंगठ्याच्या नखाएवढा लाल डाग राहिला, तो चार-पाच दिवसांत गेला. गळू नाही, सोलवटणं नाही, मुंग्या नाहीत. सोमवारी बाई वर्गात होत्या. खर्चाचा हिशेब: दोन शॉर्ट्स, वरची सैल शॉर्ट्स, क्रीम आणि डॉक्टर मिळून सात-आठ हजार. जेल कव्हर त्यांनी काढून टाकलं, शाळेच्या रोजच्या फेरीलाही आता त्या ते वापरत नाहीत.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. वारीनंतर पहिल्या शॉर्ट्सचं पॅड आम्ही दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून पाहिलं. डावीकडचा फोम उजवीपेक्षा जरा जास्त दबलेला आहे. म्हणजे सीट खाली घेऊनही वजन थोडं डावीकडेच पडतंय. दोन पायांच्या लांबीत फरक आहे का, हे फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यायचं ठरलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

दुसरी जोडी पहिलीसारखीच, त्याच वेळी घ्यायला हवी होती. तीन हजारांचा एकदम खर्च टाळायचा म्हणून ती पुढे ढकलली गेली, आणि मग निवड उरली नाही. पावसाळ्यातल्या वारीला दोन जोड्या म्हणजे चैन नव्हे, आणि दोन्ही निदान एकदा शंभर किलोमीटर चालवून पाहिलेल्या हव्यात.

सराव सगळा कोरड्यात झाला. भिजलेली शॉर्ट्स अंगावर तीन-चार तास कशी वाटते हे पहिल्यांदा वारीतच कळलं. जूनच्या पहिल्या पावसात मुद्दाम एक राइड करता आली असती.

बिबचा निर्णय त्या वेळच्या परिस्थितीत बरोबर होता असं मी अजूनही मानते. पण मागून उघडणारा बिब महिनाभर आधी मागवला असता तर निदान तुलना झाली असती. करमाळ्याच्या अलीकडे सरकलेलं पॅड पट्ट्यांनी बहुधा जागेवर धरलं असतं.

आणि डॉक्टरांकडे जायला लागलेले ते दोन दिवस. त्यांनी फार बिघडलं नाही, पण गळू आधीच टणक होतं. त्र्यंबकच्या वाटेवर बाई पहिल्यांदा थांबल्या तेव्हाच त्यांना बोलता यावं अशी सोय गटात नव्हती. आता महिला सदस्यांच्या पहिल्या राइडच्या आधी आम्ही अर्धा तास फक्त या विषयावर बसतो. त्यात बाई आपली वही आणतात, आणि एका जुन्या शॉर्ट्सचं पॅड मधोमध कापून आतले थर दाखवतात. पुढच्या आठवड्यात बसायचंय त्यात सात नवीन जणी आहेत.